तिसऱ्यांदा सांगायचं नाही

सत्कार समितीचं पत्र हातात पडलं तेव्हा मी आधी हरखलो आणि मग घाबरलो. कॅप्टन त्र्यंबकराव लेले यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी, त्यांचा शिष्य या नात्याने, मी लेख द्यावा असं त्यात होतं. शिष्य तर मी आहेच. पण मी विमान चालवणारा माणूस. शाळेत निबंधाला मला कधी पंधराच्या वर ओळी सुचल्या नाहीत, आणि त्यातल्या पाच मास्तरांनी खोडलेल्या असत. शेवटी पत्र घेऊन सरळ नारपोलीला अण्णांच्याच घरी गेलो. (भिवंडीत त्यांना कुणी कॅप्टन म्हणत नाही, सगळ्यांचे ते अण्णाच.) त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "फुलं उधळणारे पुष्कळ मिळतील रे समितीला. तू आपल्या दोघांच्या चुका लिही. त्यांचा कुणाला तरी उपयोग होईल." म्हणून चुकाच लिहितो आहे. वाचून कुणाला हा गौरव वाटला नाही, तर समितीनं जाब अण्णांना विचारावा.

अण्णांची माझी पहिली भेट झाली ती विमानतळावरच्या आमच्या ड्युटीच्या खोलीत. मी नवा को-पायलट होतो. सरकारी शिष्यवृत्तीवर फ्लाइंग क्लबात शिकलेला, आमच्या गावातून मॅट्रिकच्या पुढे गेलेला पहिलाच. अंगावरचा युनिफॉर्म इतका कोरा होता की बसलो तर चुरगळेल म्हणून भिंतीला टेकून उभा होतो. अण्णा आत आले. बेताची उंची, मागे वळवलेले केस, हातात कापडी पिशवी. युद्धाच्या काळात विमान शिकलेला हा माणूस, परीक्षक वैमानिक, ज्याच्या सहीवर आम्हां पोरांचं नशीब ठरायचं. मी भिंतीपासून सुटून ताठ उभा राहिलो.

"गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"अंबाडीच्या पुढे, सर."

"पुढे म्हणजे? वाड्याकडे की वज्रेश्वरीकडे?"

तोवर मुंबईत मला भेटलेल्या एकाही साहेबाला अंबाडी नावाचं ठिकाण पृथ्वीवर आहे हे माहीत नव्हतं. "वाड्याकडे, सर," मी म्हणालो. त्यावर अण्णा म्हणाले, "मग आपण एकाच रस्त्याचे. मी नारपोलीचा. सकाळपासून काही खाल्लंयस का?" आणि पिशवीतून काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेल्या थालीपिठाचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे भारावलेलाच राहिलो, आणि ते भारावणं पुढे एका दुपारी आमच्या दोघांच्या आणि विमानभर माणसांच्या जिवावर बेतता बेतता राहिलं. तीच आमची मोठी चूक.

ती समजण्यासाठी थोडं विमानाचं सांगितलं पाहिजे. काळजी करू नका, परीक्षा घेणार नाही. तेव्हा नुकतीच नवी जेट विमानं आली होती, आणि त्यांच्याबरोबर दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक म्हणजे चांगला ऑटोपायलट. अमुक उंचीवर राहा म्हटलं की तो राहतो, पायलटनं हात लावायला नको. पण इंजिनाची ताकद कमीजास्त करणं त्याच्याकडे नव्हतं. ते थ्रॉटलनं, आम्हीच हातानं करायचं. दुसरी गोष्ट इशाऱ्याची. विमानाचा वेग फार कमी झाला आणि नाक फार वर गेलं, की पंख हवा धरायचं सोडतो. याला आम्ही स्टॉल म्हणतो. इंजिन बंद पडतं असं लोकांना वाटतं, तसं नसतं. इंजिन व्यवस्थित घुमत असतं आणि विमान मात्र दगडासारखं खाली जायला लागतं. ते होण्याच्या जरा आधी पायलटपुढची कंट्रोलची दांडी (दोघांपुढे एकेक असते, पण दोन्ही एकमेकींना जोडलेल्या) आपोआप थडथड हलू लागते, माणसाला हिव भरावं तशी. हा इशारा. तो आला की पहिलं काम एकच, नाक खाली करायचं आणि ताकद वाढवायची. दांडी पुढे ढकलायची.

आता गंमत अशी की माणसाचं मन नेमकं उलटं सांगतं. पडतोय असं वाटलं की माणूस वर ओढतो. विहिरीत पाय घसरला तर कुणी खाली ढकलतं का स्वतःला? म्हणून आमच्या धंद्यात ओढण्याचा हा मोह मोडून काढावा लागतो.

ती दुपार बाहत्तर-त्र्याहत्तरची असेल. दक्षिणेकडून मुंबईला येत होतो. विमान अण्णा चालवत होते आणि मी शेजारी उजवीकडे बसून आकडे पाहत होतो. खालून सांगणं आलं की अमुक उंचीपर्यंत उतरा आणि तिथेच थांबा. अण्णांनी थ्रॉटल मागे घेतला, विमान उतरलं, सांगितल्या उंचीवर ऑटोपायलटनं ते सरळ केलं. आता थ्रॉटल पुन्हा पुढे करायचा. नेमके तेव्हा अण्णा मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगत होते. वडील भिवंडीत शाळामास्तर. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली, आणि बाहेरून एका बकरीनं ती ओढली.

अण्णा गोष्ट रंगवून सांगतात. मी हसत होतो आणि हसता हसता वेगाचा काटा खाली येताना पाहत होतो. ऑटोपायलट बिचारा उंची सोडायला तयार नाही. ताकद नाही, म्हणून तो नाक हळूहळू वर उचलत होता आणि वेग आणखी उतरत होता. हे सगळं मला दिसत होतं, वाचकहो. मी आंधळा नव्हतो. पण मनात म्हटलं, अण्णांना दिसतच असेल. त्यांनी आयुष्य काढलंय यात. आणि खरं सांगायचं तर ते बोलत होते. मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी वाक्य संपण्याची वाट पाहत होतो. "आणि त्या बकरीनं ती टोपी अशी तोंडात धरली..." एवढं अण्णा म्हणाले, आणि समोरची दांडी थडथडू लागली.

मी दोन्ही हातांनी ती धरली आणि जीव खाऊन ओढली.

अण्णा त्यांच्या बाजूची दांडी पुढे ढकलत होते. किती वेळ गेला कोण जाणे, श्वास घ्यायला लागतो तेवढाच असेल, पण तेवढा वेळ आम्ही दोघं एकाच विमानात एकमेकांविरुद्ध जोर लावत होतो. मग त्यांचा आवाज आला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. "सोड, दत्ता. माझ्याकडे दे." मी हात सोडले. नाक खाली गेलं, इंजिनं गरजली, पोटातून पाणी हलल्यासारखं झालं आणि वेग परत आला. मागे कुणाच्या तरी अंगावर चहा सांडला. प्रवाशांना वाटलं हवेत खड्डा लागला. उतरून जाताना एका आजोबांनी तर हात जोडून आमचे आभार मानले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या प्रसंगाचा अहवाल आम्हांला लिहून द्यावा लागला. अण्णांनी मनात आणलं असतं तर ते माझ्यावर सहज ढकलता आलं असतं. को-पायलटनं चुकीच्या दिशेला जोर लावला, हे खरंच होतं. पण अण्णांनी पहिल्या वाक्यात लिहिलं की थ्रॉटल पुढे करायला मी विसरलो, कारण मी गप्पा मारत होतो. कार्यालयात दोघांना उभं केलं तेव्हा साहेबांनी मला विचारलं, "वेग उतरताना दिसला नाही?" मी खाली मान घालून म्हणालो, "दिसला." "मग बोलला का नाहीत?" तेव्हा अण्णा म्हणाले, "त्यानं ओढलं, ते त्याला शिकवता येईल. पण माझ्यापुढे त्याचं तोंड उघडलं नाही, हा दोष माझा आहे. शिकवायचं मलाच."

अण्णांचं परीक्षकपद वर्षभरासाठी काढून घेण्यात आलं. मला दोन महिन्यांची मुदत मिळाली. दोन महिन्यांनी फेरपरीक्षा, आणि त्यात नापास झालो तर युनिफॉर्म परत करायचा. हे मी घरी सांगितलंच नाही. माझ्या आईनं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की माझा दत्तू आभाळात हाय.

मग सुरू झाले नारपोलीचे रविवार. सकाळच्या एस.टी.नं अंबाडीहून निघायचं, धामणकर नाक्यावर उतरायचं आणि चालत अण्णांच्या घरी जायचं. ज्यांनी ते घर पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. कौलारू, पुढे ओटी, आणि भिंतीला भिंत लागून पॉवरलूमचा कारखाना. रात्रंदिवस तिकडे लूम खडखडत असतात आणि इकडे फळीवरच्या कपबशा किणकिणत असतात. पाटावर बसलं तर पाट हलतो. काकूंना मी एकदा विचारलं, "या आवाजात तुम्हांला झोप कशी लागते?" त्या म्हणाल्या, "आवाजात लागते रे. थांबला की जाग येते." मला तेव्हा ते विनोदाचं वाटलं होतं.

हाताचा धडा काकूंच्या मदतीनं झाला. ओटीवर खुर्चीत मला बसवून पुढ्यात एक स्टूल उलटं ठेवलं जायचं. त्याचे दोन पाय म्हणजे माझी दांडी. मी पेपर वाचायचा, गप्पा मारायच्या, आणि अण्णा किंवा काकू कधीही येऊन ते स्टूल गदगदा हलवणार. हललं की विचार न करता पुढे ढकलायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "नाक, ताकद, वेग." पहिल्या रविवारी मी दरवेळी ओढलं. स्टुलाचा एक पाय माझ्या हातात आला तेव्हा काकू म्हणाल्या, "विमानं तरी बळकट असतात ना रे?" चौथ्या रविवारी मात्र हात सुधारले. इतके सुधारले की जेवताना काकूंचा धक्का टेबलाला चुकून लागला आणि मी आमटी-भाताचं ताट खाड्कन पुढे ढकललं. ते थेट अण्णांच्या मांडीवर. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि अण्णा, गरम आमटीत न्हालेले, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. "जमलं! अगं, त्याला जमलं!"

यंत्राचा धडा शेजारच्या कारखान्यातल्या खलीलचाचांनी दिला. लूम दुरुस्त करणारे जुने कारागीर. अण्णांनी मला त्यांच्याकडे नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "याला थांबणारा लूम दाखवा." लुमात आडवा धागा तुटला तर एक लहानसा काटा लूम आपोआप बंद करतो. चाचांनी धागा तोडून दाखवला. खाडकन लूम थांबला. मी म्हणालो, "वा, मग कामगाराला काळजीच नाही." चाचा हसले. "यही तो गडबड है बेटा. नया आदमी समझता है, मशीन देख रही है, मैं काहे को देखूँ. जातो चहाला. और किसी दिन काँटा अटक गया, तो लूम चालूच. लौटके देखो तो चार हाथ कपडा खराब." मग त्यांनी स्वतःचा कान धरून दाखवला. "मशीन अपना काम करे, ये अपना." परत येताना अण्णांनी मला सांगितलं की त्या दुपारी ते चहाला गेलेल्या कामगारासारखे वागले होते. तेव्हापासून ऑटोपायलट लावलेला असला तरी ते दर थोड्या वेळानं उंची, वेग आणि नाक मोठ्यानं म्हणत. रामरक्षा म्हणावी तितक्या नेमानं म्हणत. पुढे आम्ही सगळेच म्हणू लागलो.

आता राहिला जिभेचा धडा, आणि तिथेच माझी गाडी अडली. अण्णांची युक्ती साधी होती. ते किटलीतून माझ्या कपात चहा ओतणार, ओतताना तीच बकरीची गोष्ट सांगणार आणि मुद्दाम ओततच राहणार. कप भरला, चहा बशीत आला, की मी मध्येच म्हणायचं, "अण्णा, बशी!" त्यावर ते फक्त म्हणणार, "कळलं." रागावायचं नाही, वाद घालायचा नाही, खुलासा द्यायचा नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. आणि माझ्यासाठी नियम असा: "उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा सांग. दोनदा सांगूनही आलं नाही, तर तिसऱ्यांदा सांगायचं नाही. सरळ हात घालायचा. समजायचं की अण्णा इथे नाहीत."

सोपं वाटतं ना? मला पाच रविवार जमलं नाही. बकरी खिडकीशी यायची, टोपी तोंडात धरायची, चहा बशीतून ओसंडून पेपरवर, पेपरवरून जमिनीवर, आणि मी हात जोडल्यासारखा बसून! विमानात तरी भीती होती म्हणावं, इथे साधा चहा होता. एकदा अण्णा वैतागून म्हणाले, "अरे गाढवा, तुझ्या आदरानं माझं धोतर भिजलं!" परीक्षेला दोन आठवडे उरले होते. मला वाटलं, संपलं. हात सुधारून काय उपयोग? असला को-पायलट म्हणजे खुर्चीत ठेवलेलं गाठोडं.

त्याच्या पुढच्या रविवारी न सांगता आई आली. मी दर रविवारी भिवंडीला कशाला जातो याचा तिला संशय आला होता. डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन पत्ता विचारत विचारत ती नारपोलीपर्यंत पोचली. अण्णांनी तिला ओटीवर खुर्ची दिली, ती खालीच बसली. अण्णा तिच्यासमोर खाली बसले. आणि मी दोन महिने दडवलेलं सगळं त्यांनी तिला सरळ सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे चूक माजीच हाय साहेब. मीच शिकवलाय त्याला, मोठ्या मानसाच्या मधी बोलाचा न्हाय."

"शिकवण बरोबरच आहे तुमची, आई," अण्णा म्हणाले. "ती घरात ठेवायची. विमानात न्यायची नाही."

मग त्यांनी किटली घेतली आणि बकरीची गोष्ट सुरू केली. कप भरला. बशी भरली. चहा सांडायला लागला तशी आई ताडकन म्हणाली, "आरं मुडद्या, बोल की! च्या जातोय मानसाचा! मी सांगतंय तुला, बोल!"

"अण्णा, बशी!" मी ओरडलो. इतक्या जोरात की काकू आतून धावत आल्या.

"कळलं," अण्णा म्हणाले आणि किटली खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं. आई मात्र पदरानं जमीन पुसत होती आणि चहा वाया घालवणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांबद्दल तोंडातल्या तोंडात बरंच काही बोलत होती.

फेरपरीक्षेत दांडी थरथरली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. त्याचं मला कौतुक नाही. परत येताना परीक्षक कॅप्टन मुद्दाम लांबण लावून कसलीशी गोष्ट सांगू लागले, आणि मी त्यांचं वाक्य मधेच तोडून म्हणालो, "सर, वेग." ते थांबले, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि थ्रॉटल पुढे केला. खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हांला?" मी म्हणालो, "आईनं." ते अर्धंच खरं होतं, पण अर्धं तरी होतं.

इथे हा लेख संपवला असता तर समितीला आवडला असता. पण अण्णांनी चुका लिहायला सांगितल्या आहेत, आणि एक राहिली आहे.

त्यानंतर चार-पाच वर्षं मी त्यांच्याबरोबर पुष्कळ उड्डाणं केली. गेल्या वर्षी एका दुपारी विमान उंचीवर स्थिर होतं. अण्णांनी आकडे म्हटले आणि उजवा हात मांडीवर ठेवला. तो हात थरथरत होता. अंगठा आणि तर्जनी, जणू सुपारीचं खांड चोळावं तशी. थ्रॉटल धरला की थरथर थांबायची. पुन्हा मांडीवर आला की सुरू. को-पायलट कॅप्टनच्या उजव्या हातालाच बसतो. माझ्याशिवाय ते कुणाला दिसणार?

मी काही बोललो नाही. म्हटलं, दमले असतील. पुढच्या फेरीला पुन्हा दिसलं. त्याच्या पुढच्या फेरीलाही. मला माहीत होतं की मी बोललो तर काय होईल. वेग कमी झाला तर थ्रॉटल पुढे करता येतो. इथे पुढे करायला काही नव्हतं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते, ते सुखानं जातील, असा मी मनाशी हिशेब केला. पण मागे बसलेली माणसं डोळ्यांपुढून हलेनात, आणि ते आभार मानणारे आजोबाही.

रविवारी नारपोलीला गेलो. अण्णा चहा ओतत होते आणि बकरी खिडकीशी आली होती.

"अण्णा, हात," मी म्हणालो.

त्यांनी बशीकडे पाहिलं. बशी कोरडी होती.

"अण्णा, उजवा हात. थ्रॉटलवर असताना नाही. मांडीवर ठेवला की."

ते दोनदा झालं. तिसऱ्यांदा सांगायची ताकद माझ्यात नव्हती. पलीकडे लूम खडखडत होते, फळीवर बशा किणकिणत होत्या. अण्णांनी किटली खाली ठेवली, उजवा हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहत राहिले.

"किती दिवस पाहतोयस?"

"तीन फेऱ्या झाल्या."

"मग दोन फेऱ्या उशीर केलास," अण्णा म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "कळलं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. कंपवाताची सुरुवात होती. त्यांनी त्याच दिवशी उड्डाण सोडलं. आम्ही सगळे हळहळलो, निदान शेवटची एक फेरी, हारतुरे, काहीतरी. त्यावर ते म्हणाले, "शेवटची फेरी झाली की गेल्या गुरुवारी. मला माहीत नव्हतं, एवढंच. दांडी थरथरली की ओढत बसायचं नाही, हे तुम्हांला शिकवायचं आणि आपण ओढायचं?" मी निघालो तेव्हा काकू माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मला दोन महिन्यांपासून दिसत होतं रे. मला धीर झाला नाही. तू बोललास, बरं झालं." मी धामणकर नाक्यावर एस.टी.ची वाट पाहत भर गर्दीत ढसाढसा रडलो. ज्या माणसानं मला आभाळात ठेवलं, त्याला मी खाली उतरवलं होतं. आजही ते आठवलं की छातीत कळ येते, आणि आजही वाटतं की दोन फेऱ्या उशीरच केला.

आता अण्णा नव्या पोरांना जमिनीवर शिकवतात. वर्गात पहिल्याच दिवशी उलटं स्टूल आणि किटली असते असं ऐकतो. पोरं आधी हसतात आणि मग, माझ्यासारखीच, चहा सांडू देतात.

गेल्या रविवारी गेलो होतो. औषधानं हाताला उतार आहे, तरी चहा ओतायचा हट्ट त्यांचाच. खलीलचाचा आलेले, माझी आई शेंगा घेऊन आलेली, काकू दारात. अण्णांनी किटली उचलली आणि वडिलांच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांची गोष्ट सुरू केली. टोपी खिडकीत गेली. कप भरला. सगळे भल्या माणसांसारखे दुसरीकडे पाहू लागले.

"अण्णा, बशी," मी म्हणालो.

ते गोष्टीत रंगले होते.

"अण्णा, बशी."

बकरीनं टोपी तोंडात धरली. मग मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. किटलीवरच्या त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. दोन्ही हात मिळून किटली सरळ झाली. तो हात माझ्या हाताखाली थरथरत होता, आणि मी ओढला नाही, ढकलला नाही, नुसता धरून ठेवला.

"कळलं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून खोटं खोटं रागावले. "इतकी वर्षं झाली, त्या बकरीचं पुढे काय झालं हे तू मला एकदाही सांगू दिलेलं नाहीस."

खरं आहे. मला अजून ठाऊक नाही. म्हणून या ग्रंथाच्या निमित्तानं, आपणां सर्वांच्या वतीनं, देवाजवळ माझं एवढंच मागणं आहे: अण्णांना आरोग्य लाभो, काकूंची सोबत लाभो, नारपोलीचे लूम त्यांच्या भिंतीपलीकडे खडखडत राहोत, आणि त्या बकरीनं टोपी तोंडात धरल्यावर पुढे काय झालं, हे मला आणखी चाळीस वर्षं तरी न कळो.